अडचण : निरंक

तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेतले तीन डस्टर गायब झाल्याचं लक्षात आलं आणि मी शाळा डोक्यावर घेतली.

तुम्ही म्हणाल, नदी गावात शिरलेली, शेतातल्या उभ्या पिकावरून होड्या चाललेल्या, सगळं गाव टेकाडावरच्या शाळेत येऊन पडलेलं, आणि या बाबाला डस्टरची पडलीय! पण मी शाळेचा शिपाई. बावीस वर्षं झाली. घंटा, बाकं, बादल्या, खडूचे डबे, सगळं माझ्या ताब्यात. माझं अर्धं शिवार गाळाखाली गेलं तेव्हा मी एक शब्द बोललो नाही, कारण शेत नदीने नेलं होतं आणि नदीशी भांडण कुठे करणार? डस्टर मात्र माणसाने नेले होते, आणि माणसाशी भांडता येत होतं.

आमच्या शाळेचे डस्टर बाजारचे लाकडी नव्हेत. ते शिंपीण वहिनी शिवून देतात. वीतभर लांब, जाड सुती कापड, आत चिंध्या भरलेल्या, चारी बाजूंनी निळ्या दोऱ्याची शिवण. पुराच्या कारभारात फळ्यावर पाण्याच्या पाळ्या लिहायच्या, पुसायच्या, पुन्हा लिहायच्या, म्हणून सहा वर्गांत सहा डस्टर ठेवले होते. त्यातले उरले तीन.

मी पाचवीच्या वर्गापासून झडती सुरू केली. न्हाव्याचं बोचकं उघडलं, गवंड्याची ट्रंक उघडली.

गवंडी म्हणाला, “अरे, माझं घर गेलं पाण्यात. मी काय फळा पुसत बसू?”

“घर तुझं होतं, डस्टर शाळेचे आहेत,” मी म्हणालो. काय बोलतोय ते माझं मला तरी कळत होतं का, देव जाणे.

बायका नुसत्या बघत होत्या. न्हाव्याची सून हसत म्हणाली, “डस्टर कोण कशाला नेईल बाई?” आणि बोलता बोलता थांबली. शेजारणीकडे बघितलं. शेजारीण खाली बघायला लागली. मग त्या कोपऱ्यात एकदम सगळ्यांनाच काही ना काही आवरायचं काम निघालं.

तुम्हाला कदाचित इथेच कळलं असेल. मला कळलं नाही.

त्याच वर्गात खिडकीखालच्या कोपऱ्यात माझी बारकी पोत्यावर बसली होती. तेरा वर्षांची. तिची आई बहिणीच्या बाळंतपणाला नदीपलीकडे गेली आणि मागे पूल पाण्याखाली गेला, त्यामुळे पोरगी आणि मी असे दोघंच अलीकडे राहिलो होतो. म्हणजे पोरगी एकटीच होती म्हणा, कारण मी डस्टर शोधत होतो.

“बारके, ऊठ. पेजेची रांग लागली.”

“भूक नाही, बाबा.”

“पाणी तरी पी.”

“तहान नाही.”

मला आपलं बरंच वाटलं. एवढ्या हलकल्लोळात पोरगी हट्ट नाही, रड नाही, एका जागी बसून आहे. मी वर तिला विचारलं, “तू तर इथेच असतेस दिवसभर. कुणी डस्टर उचलताना दिसलं का?”

तिने भिंतीकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

“दिसला तर सांग. हात मोडतो त्याचा.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा असा. आता आठवलं की माझीच जीभ मला टोचते.

आता संडासाचं सांगायला हवं, कारण तेही माझंच कर्तृत्व आहे. शाळेच्या मागे मुलींचा संडास आहे. सहा वर्षांपूर्वी बांधला. मी त्याला बाहेरून जाडजूड कडी बसवली आणि कडीला कुलूप. घाण होऊ नये म्हणून. तपासणीला साहेब आले की मी कुलूप काढायचो, साहेब आत डोकावून म्हणायचे, “वा! किती स्वच्छ!” स्वच्छ राहील नाहीतर काय होईल? सहा वर्षांत आत कुणी गेलंच नव्हतं. मुली घरी जाईपर्यंत कळ काढायच्या.

पूर आल्यावर मी मोठ्या मनाने कुलूप काढलं. पण कडी बाहेरच राहिली. आत गेलेल्या बाईने एका हाताने दार ओढून धरायचं. त्यात वाट मागच्या व्हरांड्यावरून, आणि तिथे पुरुषांचा पत्त्यांचा डाव मांडलेला. पत्तेवाले काही राक्षस नव्हते, गावचेच होते. पण बाई निघाली की डाव थांबायचा, आणि ती परत येईपर्यंत थांबलेलाच असायचा. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यांच्या भाच्याने गंमत म्हणून बाहेरून कडी घातली. आत कोण आहे हेही त्याने बघितलं नव्हतं. आतून दार वाजायला लागलं तसे सगळे हसले. शिंपीण वहिनींनी धावत जाऊन कडी काढली. आत बारकी होती.

मला सांगितलं तेव्हा मी म्हणालो, “पोरांची मस्करी हो, मनावर काय घ्यायची!”

हे मी म्हणालो. बाप मी.

आता गिरणीवाले. गावात पिठाची गिरणी त्यांची, आणि पूरसमितीचे अध्यक्षही तेच. माणूस वाईट नाही, पण खुर्चीवर बसला की त्याचा आवाज बदलतो. रोज सकाळी नऊला शाळेच्या पायऱ्यांवर ते सगळ्या गावाला गोळा करायचे. बाजूला कारकून वही घेऊन. वरच्या कचेरीने वहीचे रकाने छापून दिले होते: आजारी किती, जनावरं किती, धान्य किती. आणि शेवटी एक रकाना, ‘स्त्रियांच्या अडचणी’. हा रकाना नर्सबाईने भांडून घालून घेतला होता. ती नदीपलीकडच्या दवाखान्यात बसायची. पुराच्या आधी येऊन बायकांना सांगून गेली होती, “या रकान्यात काहीही लिहून आलं की मी त्याच दिवशी होडी घेऊन येणार. पण लिहून यायला हवं. नाहीतर मला होडी मिळत नाही.”

रकाना होता. विचारणारे गिरणीवाले होते. आणि विचारायची जागा म्हणजे दोनशे माणसांसमोरच्या पायऱ्या.

“हं. बायकांपैकी कुणाला काही अडचण?” तिसऱ्या दिवशीही गिरणीवाल्यांनी खड्या आवाजात विचारलं.

न्हाव्याच्या सुनेने तोंडाला पदर लावला. पोरी एकमेकींच्या पाठीमागे लपल्या. कारण अडचण हा शब्दच असा. आमच्याकडे बाईला महिन्याचं आलं की ती म्हणते, मला अडचण आहे. दुसरं काही म्हणत नाही. आणि हा बाप्या पायऱ्यांवर उभा राहून सगळ्या गावाला विचारतोय, कुणाला अडचण आहे, हात वर करा.

शिंपीण वहिनी तेवढ्या पुढे आल्या. “आहे की अडचण.”

“कसली?”

“अहो, अडचणच.”

“बाई, अडचण आहे हे कळलं. पण कसली अडचण? कारकुनाला नीट लिहायला नको का?”

“अडचण म्हणजे अडचण. बऱ्याच जणींना आहे. कपडे वाळत नाहीत पावसात. बांधाबांध करून आलो त्यात कुणी चिंध्या आणल्या नाहीत.”

न कळलेला एकही पुरुष तिथे नव्हता. बायका आमच्याही घरी आहेत. पण कळलंय हे कळू द्यायचं नव्हतं. कुणी पायाचा चिखल बघायला लागलं, कुणी आभाळ. मीही आभाळच बघितलं. ढग दाटलेले होते, बघण्यासारखं काही नव्हतं.

गिरणीवाले खाकरले. “कपडे वाळत नाहीत ही सगळ्यांचीच तक्रार आहे. पाऊस काय समितीने पाडलाय? ए, लिही तू. स्त्रियांच्या अडचणी, निरंक.”

निरंक म्हणजे काही नाही. कचेरीत शून्याला शून्य म्हणत नाहीत, त्याला मान मिळत नाही. कारकुनाने छान अक्षरात निरंक लिहिलं आणि मोबाइलवरून वर कळवलं. शिंपीण वहिनी मागे फिरताना पुटपुटल्या, “तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.”

दुपारी होडी आली. तांदळाची पोती, मेणबत्त्या, आणि पुठ्ठ्याची पाच खोकी. खोक्यांवर छापलेलं होतं, ‘शोषक पट्ट्या, नग ५००’. बाकी अक्षर नाही, चित्र नाही.

आम्ही पुरुषांनी ती खोकी कार्यालयात नेली आणि भोवती उभे राहिलो.

“शोषक म्हणजे रक्त पिणारा. सावकार वगैरे,” न्हावी म्हणाला.

“सावकाराच्या पट्ट्या कशा पाठवतील? शोषक म्हणजे शोषून घेणारं,” कारकून म्हणाला. तो दहावी झालेला.

“काय शोषून घेणारं?”

“पुरात काय असतं? पाणी!”

मी एक खोकं फोडलं. आत पुड्या, पुडीत पांढऱ्याशुभ्र मऊ घड्या. खरं सांगतो, तोवर मी ती वस्तू कधी उघड्यावर बघितली नव्हती. आमच्या दुकानात मिळत नाही. शहरात औषधवाला देतो ती वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी घालून. बायको जुन्या चादरीचे तुकडे वापरते, आणि तेही परसातल्या दोरीवर दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालते. गवंड्याने तांब्यात पाणी आणलं आणि थोडं एका पट्टीवर ओतलं. पट्टी सगळं पाणी प्यायली, खाली एक थेंब नाही.

“अरे वा!” गिरणीवाले म्हणाले. “सरकारला अक्कल आली म्हणायची.”

“आणि हे बघा, मागे चिकटायची सोय पण केलीय,” मी कागद सोलून दाखवला. “उंबऱ्यावरून सरकू नये म्हणून.”

दारात उभी असलेली दोन-तीन कॉलेजातली पोरं एकमेकांकडे बघून तिथून सटकली. त्यांना माहीत असणार. पण गिरणीवाल्यांसमोर ते उच्चारायचं कुणी? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

कार्यालयाच्या दाराखालून पाणी झिरपत होतं आणि आत समितीचं सगळं दप्तर होतं. काम माझ्यावर आलं. मी गुडघ्यावर बसून उंबऱ्याला ओळीने पट्ट्या चिकटवल्या, दुहेरी थर. खिडकीच्या खाचेत बसवल्या. छत जिथे गळत होतं तिथे कपाटावर चौरस अंथरल्या. काम मन लावून केलं, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. संध्याकाळपर्यंत दीडशे पट्ट्या लागल्या, पण वही कोरडी राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी बारकीचं अंग तापलेलं लागलं. ओठ सुकलेले. डोळे लाल.

“गारठ्याने झालं असेल. उठून बस जरा, उजेडात ये.”

“नको बाबा. तुम्ही जा. तुमचं काम आहे ना.”

तिने पोतं दोन्ही बाजूंनी गच्च धरलं होतं. मला वाटलं, थंडी वाजतेय. माझी घोंगडी तिच्या अंगावर टाकली आणि उंबऱ्याच्या ओल्या पट्ट्या बदलायला गेलो.

दुपारी शिंपीण वहिनी कार्यालयाच्या दारात आल्या. सहसा त्या आत येत नाहीत.

“भाऊजी, नर्सबाई म्हणाली होती, बायकांसाठी खोकी पाठवते. आली का?”

“बायकांचं काही नाही आलं, वहिनी. तांदूळ आला, मेणबत्त्या आल्या, आणि या उंबऱ्याच्या पट्ट्या.”

“कसल्या पट्ट्या?”

मी बाजूला सरकलो आणि हात करून दाखवलं. उंबरा, खिडकी, कपाट. शिंपीण वहिनींनी बघितलं. मग त्या तिथेच चौकटीला टेकून खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना श्वास पुरेना. मला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मग बघितलं तर त्या रडत होत्या.

“भाऊजी, हे बायकांचंच आहे हो. महिन्याचं. पाळीचं. तुम्ही आमच्या पट्ट्या तुमच्या दाराला नेसवल्या!”

माझ्या हातातली पट्टी मला खाली टाकता येईना आणि धरताही येईना.

“आणि दुसरं ऐका. ते पण आत्ताच सांगते, नंतर माझ्याने धीर होणार नाही.” त्यांनी डोळे पुसले. “तुमच्या बारकीला आलीय. पहिलीच. पूर आला त्याच दिवशी. आई इथे नाही, तुम्हाला सांगायची लाज, आणि आम्हालाही नाही सांगितलं पोरीने. आत्ता मी तिचं अंग पुसायला बळेच उठवली तेव्हा बघितलं. तीन वस्तू होत्या पोत्याखाली. मला शिवण ओळखू येते, भाऊजी. निळा दोरा माझाच.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

“खडूची भुकटी भरलेली आत. ओलं तसंच वापरलं, धुतलं की वाळत नाही, परत ओलंच. कातडी सोलपटली. आणि चार दिवस घोटाच्या वर पाणी पीत नाही पोरगी. प्यायलं की संडासला जावं लागतं, आणि तिथे ती तुमची कडी. ताप गारठ्याचा नाही. आणि तुम्ही गावभर ओरडताय, सापडला तर हात मोडतो.”

बावीस वर्षं शाळेची वस्तू न् वस्तू सांभाळली, आणि पोटची पोर दहा हातांवर तापात बसली होती, ती दिसली नाही. लाज वाटली, आणि ती लाज पाळीची नव्हती, माझी स्वतःची होती.

मी सदऱ्याखाली चार पुड्या घेतल्या आणि पाचवीच्या वर्गात गेलो. अर्ध्या वाटेत वाटलं, लपवून काय नेतोयस? पुड्या सदऱ्याखालून काढून हातात धरल्या.

बारकीने पुड्या बघितल्या आणि तोंड घोंगडीत खुपसलं. मी शेजारी बसलो. काय बोलायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

“हे तुझ्यासाठी आलंय. तुझंच आहे. मी चुकून दाराला लावलं.”

घोंगडीतूनच आवाज आला, “बाबा, एक डस्टर मी धुऊन ठेवलाय. दोन राहिलेत. ते पण धुऊन देते.”

त्यावर मी जे रडलो ते गवंड्याने बघितलं, न्हाव्याने बघितलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तिचं बघायला शिंपीण वहिनी होत्या. मी गिरणीवाल्यांकडे गेलो. म्हणालो, पोरीला ताप आहे, नर्सबाईला बोलवा.

“ताप ना? मग तो ‘आजारी’च्या रकान्यात जातो. आजाऱ्यांची होडी परवा.”

“परवापर्यंत कसं थांबणार? बायकांच्या रकान्यात लिहा. त्यावर नर्स लगेच येते.”

“आजचा रकाना गेला वर. निरंक.” ते जरा ओशाळले, कारण त्यांनाही मुली आहेत. पण म्हणाले, “वर गेलेलं खाली येत नाही बाबा. उद्या नऊला बघू.”

रात्रभर वहिनी तिला घोटघोट पाणी पाजत होत्या आणि मी दाराशी बसून होतो. ताप काही हटला नाही. तेवढ्यात एक काम मात्र केलं. उजाडताच पेचकस घेऊन संडासाकडे गेलो. बाहेरची कडी काढली आणि आतून बसवली. स्क्रूची चार भोकं दारात आरपार राहिली. व्हरांड्यावर गिरणीवाल्यांचा भाचा पत्ते पिसत बसला होता, त्याला म्हणालो, “ऊठ. डाव पुढच्या व्हरांड्यात न्या. इथून फक्त बायका.”

“मामांना विचारून—”

“विचार. आणि त्या दिवशी आत कोण होतं तेही सांग त्यांना.”

तो उठला.

नऊ वाजता पायऱ्यांवर सगळे जमले. धान्याचं झालं, जनावरांचं झालं. गिरणीवाल्यांनी चष्मा नीट केला. “बायकांपैकी कुणाला काही अडचण?”

मी हात वर केला.

“तुझं काय?”

“मला अडचण आहे.”

दोनशे माणसं हसली. पाच दिवसांत गाव असं पहिल्यांदाच हसत होतं. गिरणीवालेही हसले. “अरे, हा बायकांचा रकाना आहे.”

“माहीत आहे. मला अडचण आहे. लिहा.”

“कसली?”

“अडचणच.”

“शिपाया, चेष्टा करतोस काय माझी?”

“नाही. परवाच्या उंबऱ्याच्या पट्ट्या बायकांच्या पाळीच्या होत्या. तुमच्या दप्तराला पाळी आलेली नाही. इथल्या बायकांना आलीय. त्यांना फडकी नाहीत, उरलेली खोकी कार्यालयात पडून आहेत, त्या पाणी पीत नाहीत, त्यांना ताप यायला लागलेत. जे सांगता येत नाही त्याला अडचण म्हणतात. बायकांना तुमच्यासमोर सांगता येत नाही, मला येतं. म्हणून त्यांची अडचण माझ्या नावावर लिहा. निरंक लिहायचं नाही.”

मी तो शब्द उच्चारला तेव्हा हसू जागच्या जागी थांबलं. सगळे पुन्हा चिखल आणि आभाळ बघायला लागले. पोरीचं नाव मी घेतलं नाही, घेणार नव्हतो.

मागून शिंपीण वहिनींचा आवाज आला, “मला पण अडचण आहे.” त्यांचं वय साठ. त्यांना दहा वर्षांत कसली अडचण नव्हती.

“मला पण,” न्हाव्याची सून म्हणाली. या वेळी तोंडाला पदर नव्हता.

“मला पण.” गवंड्याची आई, वय ऐंशीच्या पुढे. आता मात्र बायकाच हसल्या, मोठ्याने, आणि एकेक उभी राहायला लागली. कारकून नावं लिहून थकला. पेन थांबलं तेव्हा रकान्यात एकेचाळीस बायका आणि एक शिपाई होता. गिरणीवाल्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, “पाठव वर.”

नर्सबाई दोन तासांत आली. बारकीला तपासलं, सुई दिली, गोळ्या दिल्या, मलम दिलं, भरपूर पाणी प्यायला लावलं. म्हणाली, आणखी दोन दिवस थांबला असतात तर मूत्रपिंडापर्यंत गेलं असतं. मग उंबऱ्याकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “बाई, काय बोलायचं ते बोला.” ती म्हणाली, “आता काय बोलू? उरलेल्या तरी बाहेर काढा.” त्यानंतर तिसऱ्या दिवशी बारकीने पेजेच्या रांगेत नंबर लावला, आणि संडासात जाऊन आतून कडी लावली ती मी लांबून ऐकली. एवढा गोड आवाज मी शाळेच्या घंटेचाही ऐकला नाही.

पाणी ओसरलं. गाळ काढला. बायको आली, सगळं ऐकलं आणि माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. ते मला मान्य होतं. हेडमास्तरांनी सामान मोजलं, तीन डस्टर कमी. नोंदवहीत कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, ‘अडचण’. हेडमास्तरांनी विचारलं, “कसली?” मी म्हणालो, “अडचणच.” त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

दोन महिन्यांनी वरच्या कचेरीतून एक जाड पाकीट आलं, माझ्या नावाचं. आयुष्यात पहिल्यांदा. बारकीला वाचायला दिलं. तिने ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचलं:

“पुराच्या आपत्तीत शोषक पट्ट्यांचा कल्पक वापर करून समितीचे संपूर्ण दप्तर कोरडे राखल्याबद्दल आपणांस हे प्रशस्तिपत्र देण्यात येत आहे.”

खाली शिक्का. सोबत अहवालाची एक प्रत होती, गिरणीवाल्यांनी नीट पक्की करून पाठवलेली. शेवटचं पान उघडलं. स्त्रियांच्या अडचणी: पहिला दिवस निरंक, दुसरा निरंक, तिसरा निरंक, चौथा निरंक. पाचव्या दिवसासमोर लिहिलेलं होतं, ‘एक (पुरुष). निवारण झाले.’

एकेचाळीस बायका कुठेच नव्हत्या. दीडशे पट्ट्या लावून मी ती वही वाचवली होती, आणि वहीत हे लिहिलेलं होतं.

बारकीच्या ओठांचा कोपरा हलला. “एक पुरुष,” ती म्हणाली आणि फिस्सकन हसली, आणि हसत सुटली. तिची आई आतून विचारायला आली, “काय झालं गं?” तर तिला सांगताच येईना. शेवटी मलाही हसू फुटलं.

“बाबा, हे कुठे लावायचं? फ्रेम करायची?”

“चल, दाखवतो.”

शाळेत गेलो. हातोडी घेतली, चार खिळे घेतले. मुलींच्या संडासाच्या दारात जुन्या कडीची चार भोकं अजून आरपार होती. बुजवायला लाकूड मागवा म्हणून मी दोनदा अर्ज केला होता, काही आलं नव्हतं. प्रशस्तिपत्राचा कागद चांगला जाड होता, शिक्क्याचा. तो मी भोकांवर बरोबर बसवला आणि ठोकला.

बारकी आत गेली, कडी लावली, आणि आतून म्हणाली, “बाबा, उजेड येत नाही आता. बरोबर बसलंय.”